घंटेचा मान

माझी आठ दिवसांची शिक्षा दुसरीने भोगली, हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलं. दोघांनीही विश्वास ठेवला नाही. आता कागदाला सांगून बघते.

आमचं गाव मसुऱ्याच्या वाटेवर, खाडीपासून आत. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी होता आणि मालवण म्हणजे आम्हाला मोठं शहर वाटायचं. शाळा सातवीपर्यंत. माझे वडील शाळेतले दुसरे मास्तर, आणि हेडमास्तर घाटावरचे, कोल्हापूरकडचे. शाळेच्या पडवीत रुळाचा एक तुकडा तारेने टांगलेला होता. आगगाडी आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती, पण मुंबईच्या कुणा चाकरमान्याने आगबोटीतून तो तुकडा आणून शाळेला दिला होता. तीच आमची घंटा. शेजारी खुंटीला लोखंडी कांब.

सातवीतल्या एका मुलाकडे किंवा मुलीकडे वर्षभर घंटा असायची. हेडमास्तर त्याला 'घंटेचं काम' म्हणत. गाव मात्र 'घंटेचा मान' म्हणायचं. आमच्याकडे मान हा शब्द हलका नाही. देवळात ढोलाला पहिली काठी कुणी मारायची, पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, हे घराण्यांनुसार ठरलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या मानाला हात लावणं कुणाच्या मनातही येत नाही. कांब खुंटीवर उघडी लटकलेली असायची, पण व्रात्य पोरंसुद्धा तिला शिवत नसत.

पहिलीपासून माझा नंबर पहिला. सातवीत गेले तेव्हा घंटा माझीच, असं मी धरून चालले होते. हेडमास्तरांनी ती माझ्या मैत्रिणीला दिली. शेतकऱ्याची मुलगी. व्हाळ ओलांडून यायची, परकराचा घोळ नेहमी ओला. तिचा नंबर दुसरा. मास्तरांच्या मुलीला मान दिला तर लोक बोलतील, असं हेडमास्तर वडिलांना म्हणाले, आणि वडिलांनी मान डोलावली. मला कुणी विचारलंच नाही.

ती घंटा वाजवायची तेव्हा मला बघवत नसे. उंच होती, टाचा उचलाव्या लागत नसत. कांब हातात घेऊन ती क्षणभर थांबायची आणि सगळी शाळा तिच्या हाताकडे बघायची. घरी जाताना ती मला म्हणायची, सातवीची फायनल पास झाली की ती शाळेत बाई होणार. तिच्या वाडीतली कुठलीच मुलगी चौथीपुढे गेली नव्हती. आणि मी मनात म्हणायचे, घंटा मिळाली तेवढी पुरे नाही का गो तुला? असा माझा स्वभाव होता. अजून फारसा बदललेला नाही.

फाल्गुनातली दुपार होती. हेडमास्तर कामासाठी मालवणला गेले होते. माझे वडील पाचवी-सहावीला एकत्र बसवून गणितं घालत होते. मैत्रीण माठात पाणी भरायला कळशी घेऊन विहिरीवर गेली. मी पाटी धुवायच्या निमित्ताने पडवीत आले. पडवीत कुणी नव्हतं. कांब खुंटीला होती.

मला एकच ठोका मारून बघायचा होता. पण एक मारला आणि हात थांबेना. आठ-दहा ठोके झाले असतील. आवाज इतका गोड लागला की काय सांगू. मग भानावर आले, कांब खुंटीला लावली आणि वर्गात पळाले. वर्गात पोरं दप्तरं आवरतच होती. त्या ठोक्यांचा अर्थ शाळा सुटली असाच होत होता. वडिलांच्या चष्म्याला घड्याळ नीट दिसत नसे. तेही फळा पुसून उठले. साडेतीन वाजता शाळा ओस पडली.

पावणेचारला हेडमास्तर परत आले, आणि त्यांच्याबरोबर दिपोटी. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांच्या नावाने मास्तर लोक आठ दिवस आधी धोतरं धुवायला टाकत. साहेबांना शाळेत एक कुत्रं आणि भरलेला माठ मिळाला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना रांगेत उभं केलं. हेडमास्तरांनी विचारलं, "घंटा कुणी वाजवली?" पण विचारताना ते तिच्याकडेच बघत होते. सगळेच बघत होते. घंटा तिची, म्हणजे वाजवली तिनेच. दुसरं कुणी वाजवील हे आमच्या गावातल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही, आणि तीन वर्षं गावात राहून हेडमास्तरही आमच्यासारखेच झाले होते. ती म्हणाली, "मी विहिरीवर होते सर." मान वर करून म्हणाली. विहिरीवर तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"आठ दिवस शाळेत यायचं नाही," हेडमास्तर म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. म्हटलं, आता तरी घंटा माझ्याकडे येईल. हेडमास्तरांनी तारेसकट रूळ उतरवून कपाटात ठेवला आणि शिट्टी काढली. त्या दिवसापासून आमची शाळा शिट्टीवर भरू आणि सुटू लागली.

आणि तिकडे ती मोठी झाली. काजूचे दिवस होते. ती घरच्या काजूंत बिया गोळा करायची, अंगणात भाजायची. शाळा सुटली की मुली वाकडी वाट करून तिच्याकडे जायच्या, भाजलेल्या बिया फोडून खायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायच्या, ती कशी हसली, काय बोलली. दिपोटीसाहेबांना कुत्र्याने सलामी दिली, ही गोष्ट तिच्या नावावर जमा झाली. मुलगेसुद्धा तिचं नाव आदराने घेऊ लागले. घरी वडील तिच्याबद्दल आईला म्हणाले, "चेडू धीट आसा हां. हेडमास्तरांसमोर मान खाली घालूक नाय." आईने तिच्यासाठी कुणाच्या तरी हातून आंबोळ्या पाठवल्या. आमच्या आंबोळ्या! करणी माझी आणि कौतुक तिचं. रात्रंदिवस मी जळत होते. घंटेसाठी जळले होते त्याच्या दुप्पट.

तिच्या बाबांना मात्र कौतुक नको होतं. ते शाळेत येऊन हेडमास्तरांना म्हणाले, "माझां चेडू खोटां बोलणा नाय. देवाक विचारूया." हेडमास्तर कंटाळून म्हणाले, "विचारा. देव म्हणाला तर मी शिक्षा मागे घेतो."

सोमवारी सकाळी देवळात कौल लावला. आमच्याकडे अडलेलं काहीही देवाला असंच विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. वडिलांबरोबर मीही गेले होते. सभामंडप भरला होता. ती पुढे, नव्या परकरात, हात जोडून. एवढा गाव एका मुलीसाठी जमलेला मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि त्या घटकेलाही माझ्या मनात आलं, मी तिथे उभी असते तर.

गुरवाने खणखणीत आवाजात म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान शाळेची घंटा वाजवक नाय, ह्यां खरां आसात तर उजवो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

मला वाटलं, आता संपलं. देवाला माहीत आहे. मी खांबाच्या आड सरकले. बराच वेळ पाकळ्या हलल्या नाहीत. मग डावी पडली.

गुरवाने परत विचारलं. परत डावी.

 तिने आधी पाषाणाकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. हात उलटसुलट करून बघितले. आणि हळूच म्हणाली, "मगे वाजवलंय आसतलंय. माका आठवणा नाय."

घरी येऊन मी वडिलांना सांगून टाकलं की घंटा मी वाजवली. ते चप्पल काढत होते. एक चप्पल हातात तशीच राहिली. माझ्याकडे बघत म्हणाले, "देवापेक्षां तुका जास्त ठावक?" मी रडायला लागले. तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "मैतरणीसाठी आळ आपल्यार घेतंस. मन मोठां आसा तुझां. पण देवासमोर जां झालां, ताच खरां." आईला बोलावून त्यांनी ते तिलाही सांगितलं. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण त्या आधी क्षणभर बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. कितीतरी दिवसांनी माझं कौतुक झालं होतं.

आठ दिवस संपले. ती आली नाही. हेडमास्तर स्वतः व्हाळ ओलांडून तिच्या घरी गेले, म्हणाले की शिक्षा झाली, आता पाठवा. तिचे बाबा नाही म्हणाले. शाळेची शिक्षा आठ दिवसांची होती. देवाची किती दिवसांची, ते कुणी सांगितलं नव्हतं. देवळात खोटी ठरलेली मुलगी शाळेत पाठवून ते आणखी शोभा करून घेणार नव्हते. हेडमास्तर वर्गात आले आणि म्हणाले, "फायनलच्या फॉर्मवर तिची सही राहिली आहे. चार दिवस आहेत." ते आम्हाला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. त्या दिवशी ते शिट्टी वाजवायचीही विसरले.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच तिच्याकडे गेले. पश्चात्ताप म्हणा, पण नुसता तोच नव्हता. तिच्यावाचून वर्गात पहिलं येण्यात मजा उरली नव्हती. ती अंगणात काजू भाजत होती, हात काळे झालेले, तोंडावर धूर. घरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, घंटा मी वाजवली. कधी, कशी, किती ठोके, सगळं सांगितलं. म्हटलं, बाबांना सांग, हेडमास्तरांना सांग, मी येते बरोबर. उद्या फॉर्मवर सही करायचीय तुला.

तिने सगळं ऐकून घेतलं. काठीने बिया वरखाली केल्या. माझ्यावर रागावली नाही, उलट हसली, दमलेलं माणूस हसतं तसं.

"गप गो," ती म्हणाली. "माझी घंटा तुका व्हयी होती, तां माका पयल्यापासून ठावक आसा. आता माझी शिक्षा पण घेवक इलंस?"

मी शपथा घातल्या. आईची घातली, देवाची घातली. देवाची घातली तेव्हा तिने वर बघितलं आणि 'नाही' अशी मान हलवली.

मग तिने दोन ओंजळी भाजलेल्या बिया माझ्या परकराच्या ओच्यात टाकल्या आणि म्हणाली, वडील वाट बघत असतील, जा. मी तिची शिक्षा घ्यायला आले, हे तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तिच्या वाट्याची शिक्षासुद्धा मला हवी होती, आणि ती तिने मला दिली नाही.