झोपली म्हणणाऱ्यांवर भरवसा नाही

केशरबाईचा विश्वास असा सहजासहजी कुणावर बसत नसे. एपीएमसी मार्केटात चोवीस वर्षं कांदा निवडलेली बाई ती. गोणीच्या तोंडाशी टपोरा माल दिसला, की तिचा हात आधी तळाशी जायचा. त्यामुळे लेकीच्या, राजश्रीच्या, पहिल्या बाळंतपणात डॉक्टर शुभदा हसून म्हणाल्या, "कळा कमी करायची सोय आहे," तेव्हा केशरबाईनं मनाशी ठरवलं, आता तळ बघायचा.

सोयी तीन होत्या. तोंडाला धरून ओढायचा गॅस, दंडातलं इंजेक्शन, नाहीतर पाठीच्या मणक्यांत बारीक नळी घालून त्यातून औषध. सकाळपासून कळवळणाऱ्या राजश्रीनं नळी मागितली आणि स्वतःच सही करून मोकळी झाली.

"पाठीत सुई? जलमभर कंबर धरून बसशील!"

"आई, मी सगळं विचारलंय. नंतर डोकं दुखू शकतं, पाय जड होतात, ते पण सांगितलंय. टेन्शन नको ना देऊ!"

"आन् बाळाला काय झालं म्हंजी?"

"त्याच्या ठोक्यांवर लक्ष आहे आमचं," डॉक्टर म्हणाल्या. केशरबाईनं ठोके मोजणाऱ्या मशीनकडंही चोराकडं बघावं तसं बघितलं.

वीसेक मिनिटांत राजश्रीचं ओरडणं थांबलं. पलंगाच्या दांडीवरची मूठ सैल पडली, डोळे मिटले.

"झोपल्या त्या," नर्स म्हणाली.

केशरबाई ताडकन पलंगाशी आली. कंबरेचं निमित्त होतं नुसतं. साताऱ्याकडच्या घरात तिची थोरली बहीण प्रेमलाताई दीड दिवस कळांनी ओरडत होती आणि मग एकाएकी गप्प झाली होती. उशाशी दहा वर्षांची केशर एकटीच होती. तिला बरंच वाटलं. बाहेर जाऊन तिनं बायकांना सांगितलं, ताईला झोप लागली, आवाज करू नका. बायका बिचाऱ्या कुजबुजत बसल्या. कुणी आत गेलंच नाही.

"राजश्री, ऊठ! वरड!"

"आई, झोपू दे गं जरा."

दर पाच मिनिटांनी केशरबाई लेकीच्या नाकापुढं तळहात धरी, नाहीतर गालाला चिमटा काढी. नर्स दोनदा ओरडली, पण तिनं ऐकलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास बाळ रडलं. मुलगी. सगळे बाळाकडं वळले. केशरबाई राजश्रीच्या तोंडाकडं बघत उभी.

"अगं, नातीला बघ ना," राजश्री हसली. "मी आहे इथंच. जागी आहे."

त्यावर केशरबाईनं असा हंबरडा फोडला की बाहेरचे लोक दाराशी गोळा झाले.

"मावशी, पेशंट ओरडली नाही एवढं तुम्ही!" नर्स म्हणाली.

केशरबाईला ते ऐकूच गेलं नाही. लेकीचा हात दोन्ही हातांत धरून ती पुन्हापुन्हा सांगत होती, "ताई झोपली न्हवती गं. मीच म्हनलं, झोपली."