नाकवाली गाडी

अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची वाचा गेली तेव्हा मी ग्रामदेवीवर रुसले होते. यजमान मुंबईला नोकरीत, घरी आम्ही दोघंच. पक्षाघाताने अण्णांचं उजवं अंग लुळं पडलेलं, आणि आयुष्यभर गप्पा मारणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायलाही मान फिरवायचा. पोफळीच्या वीजप्रकल्पावर त्यांनी वर्षानुवर्षं अवजड ट्रक चालवला होता, लांब नाकाचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो भंगारात गेलेला. पण त्याच्या कथा ऐकून ऐकून मला कंटाळा आला होता. देवीकडे मी एकच मागत होते: औषधाला गुण दे.

त्या दिवशी व्यायामोपचार घेऊन परतताना मिरजोळ्यात आमची रिक्षा बंद पडली. समोर झाडाखाली चिऱ्यांचं ओझं उतरवून तसाच लांब नाकाचा एक जुना ट्रक उभा होता. अण्णांची नजर त्यावरून हलेना. ड्रायव्हर चाळिशीचा असेल. तो जवळ आला.

"काय वो मामा, ओळखलीत काय हिला? माझ्या बापाची गाडी. नेहमीचा रस्ता खणलाय, म्हणून आज इकडनं आलो."

त्याने त्यांना आधार देऊन उठवलं आणि त्यांचा डावा हात बॉनेटवर ठेवला. अण्णांचे ओठ थरथरले.

"आधी... परदेशी खूण," ते म्हणाले. "मग आपली. मग चपटी आली. नाक गेलं."

मला हुंदका आवरेना. हीच ती कथा! परदेशी कंपनीच्या मदतीने या गाड्या इथे बनू लागल्या तेव्हा नाकावर तिची खूण असे, पुढे देशी नाव आलं, आणि मग चपट्या तोंडाच्या गाड्यांनी त्यांना मागे टाकलं. नाकामुळे इंजिन बाहेर, ड्रायव्हरच्या पायांना चटका कमी, हे सांगताना पूर्वी त्यांचा चेहरा किती फुलायचा!

"घरी सोडतो," ड्रायव्हर म्हणाला. त्याने आणि रिक्षावाल्याने अण्णांना वर चढवलं. आत बसल्यावर अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "चल गो. बस."

रत्नागिरीतल्या आमच्या घरापर्यंत ते खिडकीला गाल लावून इंजिन ऐकत होते. उतरल्यावर त्या भल्या माणसाने चहासुद्धा घेतला नाही.

वाचा अजून पुरती आलेली नाही. डॉक्टर म्हणतात, जुनी ओळखीची गोष्ट दिसली की कधीकधी असे शब्द फुटतात. असेल. मी मात्र देवीला गुण कुठून द्यायचा ते सांगायचं सोडलं आहे. तिच्या वाटा तिला ठाऊक. काल जेवताना अण्णा म्हणाले, "आमटीत मीठ नाही." मी ताटावरून उठले, देवघरात जाऊन डोकं टेकलं, आणि मग मीठ आणलं.