आठल्यांच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र

खडकीच्या कारखान्यात रूबेन झिराडकर चुका शोधायच्या कामाला होते. पुण्यात हे काम बहुतेक लोक हौसेनं आणि फुकट करतात. झिराडकरांना त्याचा पगार मिळे, एवढाच फरक. स्क्रूचा आटा, झाकणाची कड, रंगाचा थर, जे समोर येईल ते डोळ्यांजवळ धरायचं, फिरवायचं आणि ‘परत’ म्हणून बाजूला ठेवायचं. निवृत्त झाल्यावर काही दिवस त्यांनी हाच प्रयोग घरी पत्नीच्या, मिल्काबाईंच्या, पोळ्यांवर केला. मग मिल्काबाईंनीच त्यांना दुसरं काम शोधून दिलं.

झिराडकर बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून मराठी झालेल्या यहुद्यांपैकी. रास्ता पेठेत यहुद्यांच्या देवळाच्या, सिनेगॉगच्या, जवळच घर. मुंबईतली एक संस्था हॉटेलांना कोशर प्रमाणपत्र देत असे. कोशर म्हणजे यहुदी धर्माच्या खाण्यापिण्याच्या नियमांत बसणारं. संस्थेला पुण्यात देखरेखीसाठी कुणीतरी हवं होतं. धर्माचं ज्ञान बेताचं असलं तरी चालेल, पण नजर बारीक हवी, अशी अट होती. मिल्काबाईंनी फोनवर सांगितलं, “नजरेचं विचारूच नका. मी भोगलंय.”

अशा रीतीनं झिराडकर नारायण पेठेतल्या आठल्ये भोजनगृहात पोचले. पुण्याजवळच्या मांजरी गावी उसाच्या ठिबक सिंचनासाठी इस्रायली तज्ज्ञ येत, त्यांच्या जेवणाचं काम मिळावं म्हणून आठल्यांच्या सुनेनं, उत्कर्षानं, हा घाट घातला होता. मालक रंगनाथ आठल्ये यांना तो मुळीच पसंत नव्हता.

“आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या पिशवीत अंडं दिसलं तर पिशवी बाहेर ठेवायला सांगतो आम्ही,” ते म्हणाले. “आणि आपण आमचं स्वयंपाकघर तपासणार?”

“हो.”

“शाकाहारात तपासण्यासारखं काय असतं?”

“फ्लॉवरमधली अळी शाकाहारी असते,” झिराडकर म्हणाले. “पण ती खाणारा राहत नाही.”

रंगनाथरावांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि चहा सांगितला. गिऱ्हाइकाला चहा सांगण्याची त्या घराण्यात पद्धत नव्हती.

तेव्हापासून झिराडकर रोज सकाळी तिथे जात. फ्लॉवर, कोबी, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात घालत, मग एकेक काडी उजेडाकडे धरून पाहत. दुसरं काम शेगड्या पेटवण्याचं. शिजवण्यात यहुदी माणसाचा हात लागलेला असावा, निदान जाळ तरी त्यानं पेटवावा, असा नियम आहे. शालनवहिनी, म्हणजे रंगनाथरावांच्या पत्नी आणि त्या स्वयंपाकघराच्या अनभिषिक्त राणी, यांना हा नियम फार आवडला. “सुनेनं आल्यापासून एकदा सकाळची शेगडी पेटवली नाही,” त्या झाऱ्यानं दाराकडे निर्देश करून म्हणत, “रूबेनभाऊ न चुकता पेटवतात.” उत्कर्षानं हे दोनचारदा ऐकलं आणि गल्ल्यावर बसायला सुरुवात केली. तिथे शेगडी नव्हती.

भाज्या पाहून झाल्या की झिराडकर कँपातल्या एका बेकरीकडे जात, कारण तिलाही प्रमाणपत्र होतं. दुपारी परत येऊन आठल्यांकडेच जेवत. बटाट्याची भाजी, आमटी, काकडीची कोशिंबीर. वर भिंतीवर काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र, त्याखाली त्यांची सही. ती सही बघत जेवताना त्यांना चार घास जास्त जात.

रास्ता पेठेत मात्र या सहीवरून दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, भोजनगृह शाकाहारी आहे, मांस नाही, मासळी नाही, मग कागद हवा कशाला? दुसऱ्या तटाचं म्हणणं, दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या स्वयंपाकघराची खात्री कुणीच देऊ शकत नाही, मग कागदाचा उपयोग काय? दोन्ही तटांचं एकमेकांशी पटत नसे. झिराडकरांचा कागद निरुपयोगी आहे, एवढ्यावर मात्र पूर्ण एकमत होतं.

दुसऱ्या तटाचे पुढारी शिमशोन पेणकर. सिनेगॉगचे सेक्रेटरी आणि झिराडकरांचे शाळेपासूनचे दोस्त. पुण्यात कुठे जेवावं असं विचारायला परदेशी पाहुणे त्यांनाच फोन करत, आणि पेणकर सगळ्यांना एकच उत्तर देत: “केळी खा. वर देवानं स्वतः घातलेलं वेष्टण आहे.”

“शिमशोन, माझी सही आहे तिथे,” झिराडकर एका शनिवारी प्रार्थनेनंतर म्हणाले.

“तुझी सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावरही पाहिली आहे. तुझ्या वडिलांच्या नावाची.”

“ते सोड. इथे काय खोट आहे ते सांग.”

“आठल्यांच्या घरात देव आहे ना? नैवेद्य दाखवत असतील. मूर्तीपुढे ठेवलेलं आपल्याला चालत नाही. त्याचं काय?”

याचं उत्तर झिराडकरांकडे तयार होतं. मुंबईनंही हेच विचारलं होतं. नैवेद्याची वाटी वेगळी काढतात, देवापुढे जाते ती वाटी, पातेलं जात नाही. ते पातेलं कोशर, वाटी आठल्यांची. मुंबईनं हे मान्य केलं होतं. त्या वाटीचं पुढे काय होतं, हे मुंबईनं विचारलं नाही आणि झिराडकरांनाही कधी सुचलं नाही. बेने इस्रायलींच्या घरी नवस फेडताना एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिद्याचं ताट करतात: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. आशीर्वाद म्हणायचे आणि हजर असतील त्यांनी ताट तिथेच संपवायचं. मलिद्याचा कण कधी पुन्हा डब्यात गेला नव्हता. तशीच आठल्यांची वाटीही घरच्यांत संपत असणार, असं त्यांनी धरून टाकलं होतं. पुण्यात जन्मलेल्या माणसाला याहून जास्त माहिती असायला हवी होती, पण शेजाऱ्याच्या देवघरात डोकावू नये हेही पुण्यातच शिकवतात.

मग एका गुरुवारी कँपातली बेकरी बंद होती. झिराडकर आठल्यांच्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. मांजरीला रविवारी इस्रायली पाहुण्यांचा गट येणार होता आणि उत्कर्षाला हवी होती ती ऑर्डर अखेर मिळाली होती, त्याचीच बोलणी चालली होती. शालनवहिनींनी बोलता बोलता भाजीचा, आमटीचा, भाताचा थोडा थोडा भाग वाट्यांत काढला, कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढे पाण्याचा चौकोन काढून वाट्या ठेवल्या, तुळशीचं पान ठेवलं, डोळे मिटून हात फिरवला. आणि मग, तितक्याच सहजपणे, एकेक वाटी ज्या त्या पातेल्यात परत ओतून डावानं ढवळलं.

झिराडकर स्टुलावरून उठले.

“वहिनी, हे काय केलंत?”

“काय केलं?”

“वाटी परत घातलीत.”

“मग काय फेकून देऊ? नैवेद्य आहे.”

“रोज घालता?”

“लग्न होऊन आले तेव्हापासून. सासूबाई घालायच्या, मी घालते.” मग जरा आवाज उतरवून, “अहो, येणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात प्रसाद जातो. पैसे देऊन जेवतो तो, त्याला कळतही नाही. पण जातो. एवढ्या भांडी-पातेल्यांत मला तेवढंच एक बरं वाटतं.”

झिराडकर पातेल्याकडे बघत राहिले. कारखान्यात अशा वेळी सोपं होतं. झाकणाला सासूबाई नसायच्या.

“तुम्हाला चालत नाही का?” वहिनींनी विचारलं. आणि लगेच, “म्हणजे आमच्या देवानं बाटलं तुमचं अन्न?”

“बाटलं नाही हो. तुमच्या देवाचं झालं. त्याचं ते आम्ही कसं घेणार?”

वहिनींनी हा विचार जिभेवर ठेवून पाहिल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, “मिसळायचं मी थांबवणार नाही.”

“मी तसं म्हणालोही नाही.”

रंगनाथरावांना बाहेर बोलावून हे सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

“हे आपण पाहिलंत. आणखी कुणी पाहिलं?”

“नाही.”

“मग?”

“सही माझी आहे.”

“झिराडकर, रविवारची ऑर्डर आहे. सोमवारी पाहा ना आपण.”

“वाटी रविवारीही पातेल्यातच परत जाणार.”

मुंबईला फोन केला. तिकडे तासाभरात मोठी चर्चा उसळली. एका विद्वानांचं मत, पातेलं मोठं, वाटी लहान, इतक्या मोठ्या प्रमाणात ती विरून जाते. दुसऱ्यांचं मत, साधी चूक विरते, देवापुढचं विरत नाही. तिसऱ्यांनी परदेशात विचारायला हवं असं सुचवलं. अखेर संस्थेनं कळवलं की निर्णय यायला वेळ लागेल, तोवर प्रमाणपत्र जिथे आहे तिथे राहू द्यावं.

झिराडकरांनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि चौकट काढली. मागे भिंतीवर स्वच्छ पांढरा चौकोन उमटलेला होता. जेवणाऱ्यांपैकी एकानं, “आता काय, रंग काढताय का?” असं विचारलं. त्या दुपारी झिराडकर तिथे न जेवता घरी गेले.

“शनिवारी सिनेगॉगमध्ये सांगणार आहात?” मिल्काबाईंनी विचारलं.

“माझ्या सहीवर लोक तिथे जेवलेत.”

“पेणकर तुम्हाला सोडणार नाहीत.”

“माहीत आहे.”

शनिवारी प्रार्थना संपल्यावर अंगणात त्यांनी सांगितलं. कमी शब्दांत, कारखान्यातला दोष-अहवाल वाचावा तसं. माझी चूक झाली, मी वाटीपर्यंत पाहिलं, वाटीच्या पुढे पाहिलं नाही. एका आजीबाईंनी, मी तिथे कितीदा जेवले, मला काही झालं नाही, असं सांगून वाद मिटवण्याचा प्रयत्न केला. पहिला तट म्हणाला, बघा, कागद नसता तर ही भानगडच झाली नसती. दुसरा तट पेणकरांकडे बघत राहिला. पेणकरांनी टोपीची घडी केली, ती खिशात घातली आणि एक शब्द न बोलता चपला शोधायला गेले. झिराडकरांना त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

त्या संध्याकाळी, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस सुटल्यावर, रास्ता पेठेत दाराची कडी वाजली. बाहेर शालनवहिनी, हातात भाजीच्या दोन पिशव्या. मागे उत्कर्षा, पोळपाट-लाटणं घेऊन.

“पोळपाट परत ने,” मिल्काबाई दारातूनच म्हणाल्या. “भांडी सगळी माझी वापरायची.”

“तेच सांगत होते मी हिला,” शालनवहिनी आत येत म्हणाल्या. “मिल्काताई, उद्या सकाळी तुमच्या ओट्यावर करते मी पाहुण्यांचं. जाळ तुम्ही लावा.”

“आणि नैवेद्य?” झिराडकरांनी विचारलंच.

“तो मी माझ्या घरी दाखवेन, माझ्या घरच्या अन्नाचा. परक्याच्या घरात आपला देव घेऊन जात नाहीत, रूबेनभाऊ. एवढं कळतं मला.” मग पिशवी खाली ठेवत, “ह्यांनी ऑर्डर घेतलीय. माणसं उपाशी बसणार नाहीत.”

रविवारी पहाटे मिल्काबाईंनी गॅस पेटवला. झिराडकरांनी फ्लॉवर उजेडाकडे धरला, आणि शालनवहिनींनी मिल्काबाईंच्या कढईत फोडणी टाकली. मसाल्याच्या डब्यावरून दोघींचं एकदा वाजलं. हिंग किती, यावर मिल्काबाईंनी घर माझं आहे असं सांगितलं आणि शालनवहिनींनी हात माझा आहे असं. हिंग शेवटी शालनवहिनींच्या मनासारखा पडला.

मांजरीला उसाच्या फडाशेजारी मांडव होता, पातेली घेऊन सगळेच तिथे गेले. पाहुणे हात धुऊन बसले, पण त्यांतला दाढीवाला, मंडळींचा म्होरक्या, पानाकडे बघतच राहिला. त्यानं उत्कर्षाला इंग्रजीत विचारलं, प्रमाणपत्र कुठे आहे?

उत्कर्षानं झिराडकरांकडे पाहिलं. रंगनाथरावांनी आभाळाकडे पाहिलं.

“प्रमाणपत्र नाही,” झिराडकर म्हणाले. “होतं. मी काढलं.” आणि मग सगळं सांगितलं, वाटीपासून कालच्या संध्याकाळपर्यंत. एवढं सांगितल्यावर कुठलाही शहाणा माणूस जेवणार नाही, असं रंगनाथरावांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

दाढीवाल्यानं खिशातून फोन काढला. पुण्याला येण्याआधी त्यानं सिनेगॉगच्या सेक्रेटरीचा नंबर घेऊन ठेवला होता. फोन लागला, त्यानं विचारलं, आणि स्पीकर चालू केला.

पेणकरांचा आवाज मांडवभर ऐकू आला. आधी इंग्रजीत: “कुणी केलंय म्हणता? झिराडकरच्या घरी? तो समोर उभा होता? मग जेवा. तो चालेल म्हणाला म्हणजे चालेल.” मग मराठीत, दाढीवाल्याच्या डोक्यावरून: “रूबेन, ऐकतोयस ना? काल तुला तोंडावर सांगायला जमलं नाही. आता सांगितलं. परत सांगणार नाही.”

आणि फोन ठेवला.

पाहुण्यांनी पोळीचा तुकडा मोडला. झिराडकर मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. मिल्काबाईंनी भाताचं पातेलं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “अहो, उभे काय राहिलात? वाढा.” त्यांनी पातेलं घेतलं, पण डाव हातात धरून ते काही वेळ तसेच थांबले, कारण समोरचं पान त्यांना नीट दिसत नव्हतं.