व्यंकीचा अर्धा मोर

मंगळवेढ्याच्या स्टँडवर उभी होते. तिथल्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन निघाले होते, सोलापूरची एसटी अजून लागायची होती, आणि मी व्यंकीला मेसेज लिहीत होते... ‘आज काय ते एक ठरव. दोन डगरींवर पाय ठेवून उभा आहेस, पडशील.’ मेसेज पाठवायच्या आत त्याच्या धाकट्या भावाचा, रमेशचा फोन आला. “वर्षाताई, दादा गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात नेईपर्यंत...” एसटी लागली, मी चढले, खिडकीतून ज्वारीची रानं बघत सोलापूरपर्यंत आले. रडू आलं नाही. राग आला, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठं जायचं ते कळत नाही.

व्यंकटेश म्हणजे आमचा व्यंकी. पॉलिटेक्निकला आम्ही एका वर्गात होतो. पुढे मी कॉम्प्युटर शिकवायला लागले आणि तो एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायला लागला. घर विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, चहाच्या टपरीवर दखनी. भाषांमधली एक निवडायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही, म्हणून की काय, कुठलीच गोष्ट निवडावी लागत नाही अशी त्याची समजूत झाली होती. कॅन्टीनमध्ये मिरची भजी की कांदा भजी, तर अर्धी अर्धी. आपला वर्ग इलेक्ट्रॉनिक्सचा, तरी कॉम्प्युटरच्या तासालाही जाऊन बसणार आणि परीक्षा आली की दोन्हीकडच्या वह्या मागत फिरणार. मी म्हणायचे, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” तो म्हणायचा, “चिंध्यांचीच तर गोधडी होते की गं.”

गेली काही वर्षं त्याला हातात मावणाऱ्या गेमच्या यंत्रांचं वेड लागलं होतं. बाजारात मुलांसाठी मिळतात ती नव्हेत. ज्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो, कुणीही उघडावा, बदलावा, आपला गेम त्यात घालावा, अशी. त्यातली दोन यंत्रं एकमेकांच्या चुरशीला होती. एक लहान, चौकोनी, जाड बटणांचं. त्याच्या आतल्या सर्किट बोर्डाचे आराखडेसुद्धा बनवणाऱ्यांनी खुले ठेवलेले, पण चालायला मंद. त्याला आम्ही डबी म्हणायचो. दुसरं लांबट, मोठ्या स्क्रीनचं, वेगवान. त्याचा कोड खुला, बोर्डाचे आराखडे मात्र कंपनीनं स्वतःकडे ठेवलेले. ती पट्टी. इंटरनेटवर डबीवाले आणि पट्टीवाले एकमेकांचं तोंड बघत नसत, आणि हा दोन्हीकडे लाडका. यांच्या अडचणी सोडव, त्यांच्या चुका शोधून दे. घ्यायचं कुठलं यावर त्यानं माझं डोकं इतकं खाल्लं की शेवटी मीच म्हटलं, “दोन्ही घे बाबा, पण गप्प बस.” त्यानं खरंच दोन्ही मागवली. मला वाटलं, सुटले. कुठली सुटतेय! मग गेम कुठल्यासाठी लिहायचा, हे सुरू झालं.

गेम त्याच्या मनात फार दिवस होता. पडद्यावर माग. आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे पळतो, आपण योग्य वेळी बटण दाबून रंगीत धागे उचलायचे, की चादरीवर एकेक ओळ विणली जाऊन मोर तयार होतो. चुकलं की मोर वाकडा. त्याचे वडील जन्मभर मागावर उभे राहिले होते. अम्मा, म्हणजे त्याची आई, विड्या वळायची. ती माझ्यादेखत त्याला म्हणाली होती, “बाप माग चालवून दमला, आन् हे पोरगं खेळायला माग करतंय.” पण बोलताना तिची नजर स्क्रीनवर होती. तो म्हणाला, “अम्मा, पहिला मोर तूच विणायचास.” तिनं तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि दोघं हसले. काय म्हणाली ते त्यानं मला सांगितलं नाही.

या दोन यंत्रांची तऱ्हाच वेगळी. एकासाठी लिहिलेला कोड दुसऱ्यावर तसाच चालत नाही. मी जीव तोडून सांगायचे, आधी एकावर पुरा कर, मग दुसऱ्याचं बघ. तो म्हणायचा, “पट्टीवर केलं तर डबीवाले म्हनतील, व्यंकी तिकडं गेला. डबीवर केलं तर हे म्हनतील. लोकांनी लई जीव लावलाय गं, एकाला तोडायचं कसं?” म्हणून प्रत्येक ओळ दोनदा. डबीवर धोटा पळायला लागला की पट्टीवर पळवायचा. पट्टीवर मोराचे पाय झाले की डबीवर पाय. कारखान्यातून दमून यायचा आणि एकच विणकाम दोन मागांवर करत बसायचा.

तेराव्यानंतर रमेशनं दोन्ही यंत्रं माझ्या हातात दिली. “ताई, आमाला यातलं काय कळत न्हाय. तुमीच बघा.” मी घरी येऊन उघडली. डबीवर मोर मानेपर्यंत. पट्टीवरही मोर मानेपर्यंत. दोन्हीकडे अगदी तेवढाच, पुढे कोरा धागा. एकच धरलं असतं तर मोर केव्हाच पुरा होऊन अम्मानं तो विणला असता. मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं त्याला शिवी दिली आणि मग रडले. दोन्हीकडच्या लोकांचे निरोप येतच होते, आधी हळहळ, मग हळूच विचारणा, आमचा पुरा करणार ना? नोकरी आणि घर सांभाळून माझ्यानं एकच होणार होतं. एक पुरं करायचं म्हणजे दुसऱ्यावरचं त्याचं काम तसंच मरू द्यायचं, आणि माझ्यानं ठरवणं होईना. त्याला इतकं बोललेली मी, आता एक उचलायचे, खाली ठेवायचे, दुसरं उचलायचे. हे दुखणं मला त्याच्याकडूनच लागलं असणार.

शेवटी दोन्ही घेऊन विडी घरकुलात गेले. अम्माच्या हातात आधी पट्टी दिली. तिनं ती ताटासारखी दोन्ही हातांनी धरली, जरा बोट फिरवलं, परत दिली. “हे लई गुळगुळीत हाय.” मग डबी. तिचे अंगठे बटणांवर बसले. दोन-चार ओळी वाकड्या झाल्या, मग जमलं. धोटा पळत होता, ती धागे उचलत होती, ओठ मिटलेले. मोराचे पाय झाले, पोट झालं, मान आली आणि गेम थांबला. ती बटण दाबत राहिली.

“बंद पडलं की.”

“एवढंच झालंय, अम्मा. पुढचं त्यानं केलेलं नाही.”

रमेश म्हणाला, हितंच राहू दे, दादाच्या फोटोपुढं ठेवू. अम्मानं मान हलवली आणि डबी माझ्या पिशवीत घातली. “फोटोपुढं ठिवलं की संपलं. तू ने. हे कर, ते ऱ्हाऊ दे.” इतकं सोपं होतं ते. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

आता दर रविवारी जाते. जेवढं झालं असेल तेवढं अम्मा विणते, अडलं की माझ्या तोंडाकडे बघते. लिहिताना अजून माझा हात चुकतो. एक ओळ झाली की ती पट्टीवर चालेल का, हे बघायला बोटं आपोआप वळतात, आणि त्यांना आवरावं लागतं. तेवढ्यापुरता व्यंकी शेजारी येऊन बसलेला असतो. मोराचं डोकं झालंय. डोळा राहिलाय. कुठला रंग द्यायचा याबद्दल त्यानं काही लिहून ठेवलेलं नाही, म्हणून गेल्या रविवारी अम्मालाच विचारलं, तुम्हाला काही बोलला होता का? तिलाही माहीत नव्हतं. म्हटलं, मग पिवळा आणि लाल, दोन्ही करून आणते, तुम्ही बघा.

अम्मा म्हणाली, “दोन नको. एक आण. पन आण.”