मामांच्या बोटीचा वास

यंदाच्या सव्वीस जानेवारीला मी आमच्या गावात युद्धनौका आणली. लोहगडाच्या पायथ्याशी, जिथं खोल पाणी म्हणजे विहीर, तिथं! मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे माझा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर प्लायवूडचं जहाज, पीव्हीसी पाइपांच्या सहा तोफा आणि वर गरगर फिरणारं रडार. रडार म्हणजे लग्नातला पंखा. काम संपल्यावर मी स्वतःलाच सलाम ठोकला.

हे सगळं मामांसाठी होतं. एकाहत्तरच्या लढाईत ते नौदलात इंजिनवर होते, एवढंच गावाला माहीत. कुठलं जहाज, असं विचारलं की ते विषय बदलायचे. त्यांनी पदक लावून एकदा मिरवणुकीत उभं राहावं, एवढीच माझी इच्छा. पंच्याहत्तरी उलटलीय, पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं?

आदल्या दिवशी सकाळीच मी त्यांना जहाज दाखवायला आणलं. ट्रॉलीभोवती एक फेरी मारून त्यांनी काठीनं तोफ वाजवली.

"ही कुणाची बोट?"

"तुमची, मामा."

"माझी न्हाई. मी न्हाई चढायचो."

"अहो, सगळं गाव वाट बघतंय!"

"मग गावाला चढव."

चहा झाल्यावर, कपाकडे बघत, त्यांनी सांगितलं. लढाईत गस्तीला जहाजं कमी पडली, तेव्हा मासेमारीच्या बोटींना करडा रंग देऊन, पुढं एकेक मशीनगन बसवून नौदलानं त्या समुद्रात सोडल्या. मामा त्यातल्या एकीवर. जिथं बर्फात मासळी ठेवायची, तिथं काडतुसांच्या पेट्या.

"रंग दिला, पन वास कुटं जातोय? धक्क्यावर आलो की मोठ्या जहाजावरचे नाक धरायचे. 'आले बोंबीलवाले!'"

तो वास मामांनी पन्नास वर्षं गावापासून लपवला होता.

"आणि इंजिन कसं होतं?" मी विचारलं.

आता कुठं त्यांनी मान वर केली. "लय खोकायचं. नळी फुटली तर चिंधी लावून, वर जाळ्याची दोरी आवळून चालवलं. पन माझ्यामुळं बोट एक दिस धक्क्यावर राहिली न्हाई."

मी उठलोच. "तोफा किती होत्या म्हणालात?"

"एक. ती बी बारकी."

"पाच काढा रे!" मी माझ्या माणसांना ओरडलो.

नौदलानं मासेमारीच्या बोटीची युद्धनौका केली होती. आम्ही अर्ध्या दिवसात युद्धनौकेची मासेमारी बोट केली. पंखा गोदामात परत गेला. मामा खुर्ची टाकून हुकूम सोडत होते: केबिन खाली घ्या, डोलकाठी पुढं. जाळं म्हणून शाळेची व्हॉलीबॉलची नेट लावली. तरी काहीतरी कमी वाटत होतं. मामांना न सांगता मी लोणावळ्याच्या बाजारात गेलो आणि दोन किलो सुके बोंबील मागितले.

"पाव्हणे लय आलेले दिसतात?" विकणाऱ्या मावशींनी विचारलं.

"बोटीला लावायचेत, मावशी. वासासाठी."

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि मूठभर सुकट वर टाकली. "मग ही बी घाल. जास्त घुमंल."

सकाळी मामा इस्त्रीच्या कपड्यांत, पदक लावून आले. ट्रॉलीपासून दहा पावलांवर थबकले. नाकपुड्या हलल्या. त्यांनी पन्नास वर्षं लपवलेलं मी चव्हाट्यावर टांगलं होतं की काय?

"कमी हाय," मामा म्हणाले आणि वर चढायला हात पुढं केला.

चावडीपाशी एकानं मामांना हाळी दिली, "आबा, मासळी किती घावली?"

सगळे खो खो हसले. मामांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. माझ्या हातातून माईक आजवर बायकोलाही घेता आलेला नाही!

"मासळी न्हाई घावली," ते गरजले. "पन लढाई चालू हुती तवर एक दिस खाडा न्हाई केला. ही माझी बोट!"

मग सगळी हकिगत त्यांनीच सांगितली. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प उभा होतो आणि त्याचा मला अभिमानच वाटत होता.

ट्रॉली पुढं निघाली तशी गावातली झाडून सगळी मांजरं मागं लागली. मी हाकलायला गेलो, तर मामांनी अडवलं.

"ऱ्हाऊ दे त्यास्नी. धक्क्यावर बी आमच्या सलामीला हीच यायची."