बाई म्हणाली, निघा

नांदेडला नदीकाठच्या वस्तीत आई एकटीच राहते. पुराची सूचना फोनवरून द्यायची सोय महापालिकेने केली आणि ती नीट चालते का हे पाहायला एका सकाळी सगळ्यांना बाईच्या आवाजात रेकॉर्ड केलेला फोन लावला. आईलाही आला. मी तेव्हा लातूरला नोकरीवर होतो. शेजारणीने मला कळवलं, "तुमच्या आई घराला कुलूप लावून विहारात जाऊन बसल्यात. किती सांगितलं तरी उठून न्हाई राहिल्या."

मी एसटीने पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. उंचावरच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर आई बसली होती. शेजारी कपड्यांचं गाठोडं, मांडीवर बाबांचा फोटो. मागच्या पुरात बाबा बांधलेल्या शेळ्या सोडायला घराकडे परत गेले, ते आलेच नाहीत.

"आई, ती नुसती चाचणी होती. शेवटी तसं सांगितलं होतं."

"शेवटपर्यंत कोण ऐकतं? बाई म्हणाली निघा, मी निघाले."

तिला कसंबसं घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पालिकेचा एक माणूस, फोन आला का, समजला का, असं विचारत घरोघरी फिरत आला. चाचणी आहे हे आधीच सांगत जा, असं मी त्याला म्हणालो. त्याने मान डोलावली.

आईने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "त्या साली का न्हाई केला लेकरा, फोन?"

"तेव्हा ही सोय नव्हती, मावशी."

आईने त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला. मग हळूच म्हणाली, "ह्यांच्याजवळ फोन होता. खिशातच होता."