गफ्फार पेंटरची चिंचोळी अक्षरं

साठच्या दशकात धाड गावात विधवा अन्नपूर्णाबाई इंगळ्यांनी पिठाची चक्की टाकली. दार अरुंद, वरची पाटीही अरुंद.

"एवढं लांब नाव मावते काय? नुस्तं 'किसन' लिही," त्यांचा दीर किसन म्हणाला.

गफ्फार पेंटर भडकला. "लोकायचे नावं कापाले मी कैची घेऊन नाही बसलो!"

त्यानं अक्षरं उंच, चिंचोळी काढली; उभ्या रेघा अंगठ्याएवढ्या जाड, वळणं केसासारखी बारीक. अख्खं नाव एका ओळीत बसलं.

उन्हानं वळणं उडाली की किसन खूश व्हायचा. गफ्फार दर दिवाळीला शिडी लावून ती पुन्हा ओढायचा.

म्हातारपणी हात थरथरू लागला, तेव्हा त्यानं ब्रश अन्नपूर्णाबाईंच्याच हातात दिला.

"चढा आता तुम्ही. मी शिडी धरतो."